डोंगरातला मध्यम भूकंप : आधी घर, मग उतार, मग पाणी

रिश्टर आकडा ५ ते ५.९ असेल तर तो भूकंप मध्यम समजला जातो. सपाटीवरच्या पक्क्या इमारतीत राहणाऱ्याला हे वर्णन बहुतेक वेळा पटतंही. डोंगरात ते फसवं आहे. ३ नोव्हेंबर २०२३ च्या रात्री, बारा वाजायच्या थोडं आधी, पश्चिम नेपाळमधल्या जाजरकोट भागाला हादरा बसला. अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण संस्थेने तो ५.७ मोजला, त्यात दीडशेहून अधिक माणसं गेली. २२ जून २०२२ ला अफगाणिस्तानात पक्तिका आणि खोस्तच्या डोंगराळ पट्ट्यात साधारण ६ चा भूकंप झाला आणि मृतांची संख्या हजारावर गेली. दोन्हीकडे वेळ रात्रीची, केंद्र उथळ, आणि माणसं दगडमातीच्या जड घरांत झोपलेली.

हादरा अर्ध्या मिनिटात संपतो. डोंगर मात्र त्यानंतर कित्येक महिने, कधी काही वर्षं, सुटत राहतो. म्हणून इथे घराइतकंच लक्ष घराच्या वरच्या उताराकडे आणि खालच्या पाण्याकडे दिलं आहे.

आकड्याची वाट पाहू नका

एकाच भूकंपाचे दोन आकडे ऐकू आले तर गोंधळायचं कारण नाही. जाजरकोटचाच भूकंप नेपाळच्या यंत्रणेने ६.४ सांगितला होता. मोजायच्या पद्धती वेगळ्या असतात आणि सुरुवातीचे आकडे नंतर सुधारलेही जातात. आकडा एकाने वाढला की सुटलेली ऊर्जा सुमारे ३२ पट होते, पण तो आकडा भूकंपाच्या उगमाचा असतो. तुमच्या पायाखाली किती हललं हे केंद्राची खोली, अंतर आणि तुम्ही डोंगराच्या कुठल्या अंगावर आहात यावर ठरतं. जमिनीखाली १० किलोमीटरवरचा ५.५ चा धक्का १०० किलोमीटर खोलीवरच्या ६.५ पेक्षा जास्त पाडापाड करू शकतो.

डोंगराच्या अंगांचं गणित असं. अरुंद माथा आणि सोंडेचं टोक जास्त हलतं, कारण वर येणाऱ्या लाटा तिथे एकवटतात. खोऱ्याच्या तळाशी नदीने आणून टाकलेल्या गाळावर हादरा वाढतो आणि जास्त वेळ टिकतो. मधल्या उतारावर घट्ट कातळ असेल तर हलणं कमी, पण वरून येणारे दगड तिथूनच जातात. पूर्ण निर्धोक अशी जागा डोंगरात नसते. कुठला धोका पत्करतो आहोत हे ठाऊक असलं की तयारी नेमकी करता येते.

पायरी १ : शांत दिवसात घराच्या वर चढून या

भूकंपाच्या तयारीची बहुतेक पत्रकं सपाटीवरच्या माणसासाठी लिहिलेली असतात आणि घराच्या आतच घुटमळतात. डोंगरात पहिलं काम बाहेर आहे. पावसाळा संपल्यावर, गवत बसलं की, घराच्या वरच्या उतारावर जाईल तिथवर जा. जाताना या गोष्टी पाहा.

सुटे दगड. अर्धे मातीत, अर्धे अधांतरी असलेले मोठे धोंडे, आणि कातळात उताराच्या दिशेने कललेल्या भेगा. साधारण ४ च्या भूकंपानेही असे दगड सुटू शकतात, त्यामुळे ही यादी सगळ्यात आधी करायची. खालच्या बाजूला, घराच्या आसपास, एकटेदुकटे मोठे दगड पडलेले असतील तर ते कधीतरी वरूनच आलेले आहेत. दगडाची धारदार बाजू ताजी, शेवाळ नसलेली असेल तर अलीकडेच.

उताराच्या माथ्यावरची भेग. चंद्रकोरीसारखी वळलेली, उताराला आडवी जाणारी भेग दिसली, तिची खालची बाजू वीतभर खचलेली असली, तर तो अख्खा तुकडा निसटायच्या तयारीत आहे. त्याच्या खालच्या भागात झाडं वेड्यावाकड्या दिशांनी कललेली दिसतात. अशी जागा तुमच्या घराच्या नेमकी वर असेल तर पुढचं वाचण्याआधी भूगर्भतज्ज्ञाला किंवा स्थानिक प्रशासनाला दाखवा.

घळीचं तोंड. ओढा डोंगरातून बाहेर पडतो तिथे पंख्यासारखी पसरलेली, सौम्य उताराची जागा असते. घर बांधायला मोहात पाडणारी, कारण डोंगरात सपाटी दुर्मीळ. ती सपाटी बहुतेक ठिकाणी आधीच्या चिखल-दगडांच्या लोंढ्यांनीच घडवलेली असते.

घराची माची. उतार अर्धा कापून, निघालेली माती पुढे भरून सपाट जागा केली असेल, तर कापलेल्या आणि भरलेल्या भागाच्या सीमेवर घराला तडा जायची शक्यता मोठी. मागचा कडा किती उंच आणि किती उभा कापला आहे ते पाहा. संरक्षक भिंतीला पाणी निघायची भोकं आहेत का, आणि ती बुजलेली तर नाहीत ना, हे तपासा. भोकं मोकळी करायला एक सळई पुरते. भिंत पडली तर तिच्यामागची सगळी माती घरात येते.

या फेरीतून दोन निर्णय काढायचे. एक, हादरा थांबल्यावर घरातल्यांनी कुठे जमायचं. ती जागा कड्याखाली, घळीत, नदीकाठी किंवा माचीच्या काठावर नको; बसक्या, रुंद सोंडेचा भाग सहसा बरा. दोन, तिथे जायच्या दोन वाटा. एकच वाट असेल आणि ती ओढा ओलांडत असेल, तर ती वाट नाही असंच धरून चाला.

पायरी २ : भिंती आणि खांब

डोंगरात दगड फुकट मिळतो, म्हणून भिंती दगडाच्या. पारंपरिक जाड भिंत बहुधा दोन थरांची असते: आतला एक, बाहेरचा एक, मध्ये डबर आणि माती. हादऱ्यात हे दोन थर एकमेकांपासून सुटतात, भिंत पोटातून फुगते आणि वरचं छत आत येतं. १९९३ मध्ये किल्लारीला सपाट प्रदेशातही हेच घडलं होतं. उपाय साधा आहे: भिंतीच्या आरपार जाणारे लांब दगड. उंचीत दर ६० सेंटीमीटरला आणि लांबीत सव्वा मीटरच्या आत एक, असं प्रमाण धरा. तेवढे लांब दगड मिळत नसतील तर सळई घातलेले काँक्रीटचे ठोकळे त्याच कामाला येतात, आणि उभ्या भिंतीतही काळजीपूर्वक भोक पाडून ते बसवता येतात.

दुसरी गोष्ट पट्ट्याची. दारं-खिडक्यांच्या वरच्या पातळीवर घराला चारही बाजूंनी अखंड फिरणारा काँक्रीटचा किंवा लाकडाचा पट्टा हवा. नुसत्या खिडकीपुरती तुळई टाकून भागत नाही. कोपऱ्यात तुटलेला पट्टा असून नसल्यासारखा. उतरत्या छपराच्या घरात बाजूच्या भिंतीचा वरचा त्रिकोण सगळ्यात आधी पडतो. तो दगडात बांधण्याऐवजी पत्रा किंवा फळ्यांचा करा. छतावरचा मातीचा थर दरवर्षी वाढवत नेण्याची सवय असेल तर ती मोडा. थंडीपासून बचावासाठी टाकलेली माती डोक्यावरचं ओझं वाढवत असते.

लाकूड-दगडाच्या जुन्या पद्धतींना कमी लेखू नका. काश्मीरची धज्जी देवारी, हिमाचलची काठकुणी, उत्तराखंडातली कोटी बनाल पद्धत: तिन्हींत लाकडाची चौकट भिंतीला बांधून ठेवते आणि हादऱ्याची ऊर्जा छोट्या छोट्या सांध्यांमध्ये जिरते. अर्थात लाकूड कुजलेलं नसेल तर.

आता सिमेंट काँक्रीटबद्दल, कारण डोंगरी गावांत हल्ली तेच जास्त आहे आणि गैरसमजही तिथेच जास्त. उतारावर बांधलेल्या इमारतीचे खालच्या बाजूचे खांब लांब आणि डोंगराकडचे खांब आखूड असतात. आखूड खांब ताठ असल्यामुळे हादऱ्याचा मोठा वाटा ते स्वतःवर ओढून घेतात आणि तिरपे फुटतात. पाहणाऱ्याला उंच, सडपातळ खांबांची भीती वाटते. मोडतात सहसा वरचे बुटके. घर नवं बांधत असाल तर अभियंत्याला थेट विचारा: आखूड खांबांत उभ्या सळयांना वेढणाऱ्या आडव्या कड्या किती जवळ घातल्या आहेत, आणि लांब खांब एकमेकांना आडव्या तुळयांनी बांधले आहेत का? उत्तर देताना तो कागद काढत नसेल तर दुसरा अभियंता पाहा.

घरातलं सामान थोडक्यात: कपाट भिंतीला पट्टीने बांधा, पलंग खिडकी आणि डोंगराकडच्या भिंतीपासून दूर घ्या, पायाशी जाड तळव्याचे बूट आणि विजेरी ठेवा. रात्री काचेवर अनवाणी पाय पडणं ही या प्रसंगातली नेहमीची जखम आहे.

पायरी ३ : हादरा सुरू असताना

पक्क्या इमारतीत: खाली बसा, मजबूत टेबलाखाली जा, त्याचा पाय धरून ठेवा. टेबल नसेल तर आतल्या भिंतीलगत, डोकं आणि मान हातांनी झाकून. जिन्याकडे पळू नका.

दगडमातीच्या जड घरात हा सल्ला जसाच्या तसा लागू पडत नाही. तळमजल्यावर, दारापासून चार-पाच पावलांवर असाल आणि बाहेर खरोखर मोकळी जागा असेल, तर तडक बाहेर पडा आणि भिंतीपासून लांब जा. वरच्या मजल्यावर असाल, किंवा दाराबाहेर अरुंद बोळ किंवा कडाच असेल, तर आतच आडोसा घ्या. हा निर्णय त्या क्षणी होत नाही. आपल्या घराला कुठला नियम लागू, हे आजच ठरवून मुलांनाही सांगून ठेवा.

उतारावर चालत असाल तर वर बघा. दगड येताना दिसला की खाली पळू नका, तो तुमच्यापेक्षा वेगाने येतो. त्याच्या वाटेतून आडवे, बाजूला सरका. मोठा, जमिनीत रुतलेला कातळ असेल तर त्याच्या खालच्या बाजूला चिकटून बसा आणि पाठपिशवी डोक्यावर घ्या. गाडीत असाल तर कड्याखाली, पुलावर किंवा बोगद्याच्या तोंडाशी थांबू नका. बोगद्याचा आतला भाग तोंडापेक्षा सुरक्षित असतो. तलावाच्या काठावरून उंचावर जा, कारण दरड पाण्यात कोसळली तर लाट काठावर चढते. बर्फाळ उताराखाली असाल तर हिमस्खलनाचाही विचार हवा.

पायरी ४ : पहिली दहा मिनिटं

बूट घाला. गॅसचा रेग्युलेटर बंद, विजेचा मुख्य खटका बंद, चूल किंवा शेगडी विझवा. वास येत असेल तर काडी ओढू नका, दिव्याचं बटणही दाबू नका. मग ठरलेल्या जागी जाऊन माणसं मोजा.

शेजारचं घर पडलं असेल तर पहिले मदतनीस तुम्हीच असता. बाहेरून पथक पोचायला डोंगरात वेळ लागतो. ढिगाऱ्यापाशी सगळ्यांना गप्प करून हाका मारा, ठोकून पाहा, ऐका. वरून एकेक दगड उचला. खालून ओढलात तर ढीग आत बसतो. एखाद्याचा पाय किंवा हात तासन्‌तास ओझ्याखाली दबला असेल तर तो सोडवल्यानंतर अचानक प्रकृती ढासळू शकते, म्हणून शक्य असेल तिथे सोडवण्याआधी आरोग्यसेवकाला बोलवा. बाहेरच्यांना फोन लावत बसू नका, छोटा संदेश पाठवा. भरलेल्या नेटवर्कमधूनही तो कधीकधी निघून जातो.

पायरी ५ : पहिली रात्र

नंतरचे धक्के येणारच. पहिल्या दिवशी सर्वाधिक, मग भराभर कमी होत जातात. दहाव्या दिवशी त्यांची संख्या पहिल्या दिवसाच्या साधारण दहाव्या हिश्श्यावर येते. पण जोर त्याच ठरावीक हिशेबाने उतरत नाही, मोठा धक्का उशिराही येऊ शकतो. आणि साधारण वीसात एका वेळी असं होतं की पुढच्या काही दिवसांत पहिल्यापेक्षा मोठा भूकंप येतो. इटलीत २४ ऑगस्ट २०१६ ला आमात्रिचे गावाजवळ ६ च्या आसपासचा भूकंप झाला, सुमारे ३०० माणसं गेली. ३० ऑक्टोबरला त्याच पट्ट्यात नोर्चाजवळ त्याहून मोठा, ६.५ च्या घरातला, आला. तेव्हा घरं पडली, पण मोडकळीला आलेल्या वस्त्या आधीच रिकाम्या झाल्या होत्या आणि ढिगाऱ्याखाली कुणी मेलं नाही.

तेव्हा तडा गेलेल्या घरात 'एकच रात्र' झोपू नका. तंबू कुठे ठोकायचा याला मात्र पहिल्या पायरीतले सगळे नियम लागू आहेत. थकलेला माणूस जवळच्या सपाटीवर पथारी टाकतो, आणि डोंगरात ती सपाटी बहुधा कड्याखाली किंवा ओढ्याकाठी निघते. थंडीच्या प्रदेशात बंद तंबूत शेगडी पेटवू नका. त्या धुराने झोपेतच जीव जातो.

पायरी ६ : नदीकडे कान

या एका पायरीबद्दल लोकांना सगळ्यात कमी माहिती असते. भूकंपानंतर ओढ्याचं किंवा नदीचं पाणी अचानक कमी झालं, तर वर कुठेतरी दरडीने पात्र अडवलं आहे असं समजा आणि त्याच क्षणी काठ सोडा. उतरलेलं पात्र पाहायला, मासे धरायला खाली जाणं हे मरण ओढवून घेणं आहे. पाणी अचानक गढूळ होऊन झाडं वाहून आणू लागलं तर तोही इशारा.

अशी नैसर्गिक धरणं मातीच्या सुट्या ढिगाऱ्याची असतात. काही तासांत फुटतात, काही अनेक महिने टिकतात. चीनमध्ये १७८६ साली भूकंपाच्या दरडीने दादू नदी अडली. दहा दिवसांनी तो बांध फुटला आणि खालच्या बाजूला जवळपास एक लाख माणसं बुडाली, असं इतिहास नोंदवतो. त्याच देशात २००८ च्या वेनचुआन भूकंपानंतर तांगच्याशान इथे तलाव साठला, तेव्हा खालची अडीच लाखांवर माणसं हलवून, चर खणून पाणी सोडलं गेलं. हे फार मोठे भूकंप होते हे खरं, पण त्यांच्यापेक्षा बरेच लहान भूकंपही यातून सुटलेले नाहीत: ऑगस्ट २०१४ मध्ये चीनमधल्याच लुडियान इथल्या, ६ च्या थोड्या वरच्या भूकंपाने नियूलान नदीवर असाच बांध घातला.

म्हणून पहिले काही दिवस गावाने पाळी लावून नदीची पातळी पाहावी. पुलाच्या खांबावर रंगाची खूण केली की रात्री विजेरीच्या उजेडातही लांबून वाचता येते. वरच्या गावाशी संपर्क ठेवा आणि पातळी पडल्याची बातमी आली की कुणाच्या आदेशासाठी थांबू नका.

पिण्याच्या पाण्याचं वेगळंच. झरे गढूळ होतात, काही आटतात, काही नवीन जागी फुटतात, कारण डोंगराच्या आतल्या भेगा हललेल्या असतात. गढूळपणा अनेकदा काही दिवसांत निवळतो. तोवर गाळून, उकळून प्या. आटलेला झरा परत येईलच असं नाही, तेव्हा नवा नळ टाकण्याचा खर्च करण्याआधी एक पावसाळा पाहून घ्या. मात्र घराच्या मागे कोरड्या उतारातून नवा झरा फुटला तर आनंद मानू नका. तिथली माती आतून भिजते आहे.

पायरी ७ : घरात परत जाताना

१९९७ च्या २६ सप्टेंबरला इटलीतल्या असिसी इथे रात्री भूकंप झाला. सकाळी नुकसान पाहायला तज्ज्ञ आणि धर्मगुरू संत फ्रान्सिसच्या चर्चमध्ये गेले असताना दुसरा, आणखी मोठा धक्का बसला. छताची कमान कोसळून चौघे मेले. पाहणी नेहमी बाहेरून सुरू करायची ती यासाठी.

घराभोवती लांबून फेरी मारा. भिंत ओळंब्यात आहे का, कोपरे सुटलेत का, छप्पर एका बाजूला बसलंय का. दोन खिडक्यांमधल्या भागात फुलीसारखा तडा, कोपऱ्यात वरून खाली रुंद होत गेलेली किंवा बोट जाईल एवढी फट, भिंतीचं फुगलेलं पोट, काँक्रीटच्या खांबाचं कवच उडून वाकलेली सळई: यातलं एकही दिसलं तर आत पाऊल नको. गिलाव्यातली केसासारखी रेघ, चौकटीच्या कोपऱ्यातून निघालेला बारीक तडा, यांनी घाबरायचं कारण सहसा नसतं. कालपर्यंत नीट लागणारं दार आज अडकत असेल तर चौकट तिरकी झाली आहे. ते दार जोर लावून उघडू नका.

संशयाच्या तड्याच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीने खूण करून तारीख लिहा. तड्यावर आडवा सिमेंटचा छोटा ठिपका लावा. तो फुटला तर तडा चालतो आहे. ढिगारा उचलण्याआधी सगळीकडून फोटो काढा, तारखेसह. भरपाईच्या वेळी हेच कामाला येतं. आणि फक्त तडे बुजवून रंग दिलेलं घर 'दुरुस्त' म्हणवू नका. आतून सुटलेली भिंत रंगाखाली तशीच असते.

पायरी ८ : रस्ता

उत्तरकाशीच्या १९९१ च्या भूकंपात गवाना इथला पूल पडला आणि पुढच्या गावांचा संबंध तुटला. सप्टेंबर २०११ मध्ये सिक्कीमला ६.९ चा भूकंप भर पावसात झाला आणि शेकडो दरडींनी रस्ते अडवले. दोन्ही मध्यमपेक्षा मोठे, पण डोंगरातला रस्ता बंद व्हायला एक दरड पुरते. घरात औषधं, पिठा-तांदळाचा साठा आणि दोन आठवड्यांची तजवीज असावी, तीन दिवसांची नव्हे.

जावंच लागलं तर सकाळी निघा. उन्हाने बर्फ वितळल्यावर किंवा दुपारच्या पावसात दगड जास्त सुटतात. दरडीचा पट्टा एकेकाने, बोलणं बंद ठेवून ओलांडा आणि एकाला सुरक्षित जागी उभं करून वर नजर ठेवायला सांगा. रस्त्याच्या दरीकडच्या काठाला समांतर भेग असेल तर डोंगराच्या बाजूने चाला, गाडी तिथे नेऊच नका.

पायरी ९ : येणारे पावसाळे

भूकंपाने पाडलेला सगळा माल लगेच खाली येत नाही. घळींमध्ये अडकून राहतो आणि मोठ्या पावसात लोंढा होऊन उतरतो. वेनचुआनच्या परिसरात यिंगशिऊ आणि चिंगपिंग इथे असे लोंढे ऑगस्ट २०१० मध्ये आले, भूकंपाला दोन वर्षं उलटल्यावर. मध्यम भूकंपात माल कमी सुटतो, तरी एका घळीला तेवढाही पुरतो.

पहिला पाऊस पडायच्या आत उतारावरच्या भेगा चिकणमातीने ठासून बुजवा आणि वरून जाड प्लास्टिक अंथरा, म्हणजे पाणी आत जाणार नाही. भेगेच्या वरच्या बाजूला चर खणून पाणी बाजूच्या नैसर्गिक ओघळीत वळवा, पण शेजाऱ्याच्या माचीवर नव्हे. घराचं सांडपाणी आणि टाकीची गळती उतारात मुरत असेल तर ती नळाने खाली न्या. भेगेच्या दोन्ही बाजूंना खुंट्या ठोकून त्यांच्यामधलं अंतर आठवड्याला, पावसात रोज, मोजून वहीत लिहा. अंतर वाढत असेल तर त्या रात्री खालच्या घरात कुणी झोपू नये. मोजमाप निदान दोन पावसाळे चालू ठेवा. दुसऱ्या पावसाळ्यातही खुंट्या जागच्या जागी राहिल्या, तर माचीची डागडुजी आणि भिंतीचं पक्कं काम तेव्हा काढा.